बाबासाहेबांची पुस्तकं आणि देशाच्या कर्जाचा हिशेब



तुम्ही फ्रँकफर्टच्या आसपास राहत असाल तर बाड हॉम्बुर्गला नक्की जाऊन आला असाल. तिथल्या कुरपार्कमध्ये फिरताना तो सयामी मंडप पाहून तुमचे पाय थांबले असतील. सयामचे बौद्ध राजे चुलालोंगकोर्न १९०७ मध्ये प्रकृतीसाठी इथल्या झऱ्यांचं पाणी घ्यायला आले होते. त्याची आठवण म्हणून त्यांनी गावाला हा मंडप भेट दिला. १९१४ मध्ये तो खुला झाला तेव्हा राजे हयात नव्हते. याच राजांनी आपल्या देशातली गुलामगिरी टप्प्याटप्प्याने बंद केली. त्यातला शेवटचा मोठा कायदा १९०५ चा. सयाममधले पुष्कळसे गुलाम कर्जापायी गुलाम झालेले होते. घेतलेले पैसे फिटेनात, म्हणून माणूस स्वतःला किंवा पोटच्या पोराला सावकाराच्या घरी लावून देत असे.

कर्जाशी या गावाचं आणखी एक नातं आहे. पश्चिम जर्मनीच्या सरकारी कर्जाची वही सांभाळणारं कार्यालय अनेक वर्षं बाड हॉम्बुर्गमध्येच होतं. २००६ मध्ये ते फ्रँकफर्टच्या संस्थेत विलीन झालं. त्याआधी, १९४७-४८ मध्ये, नव्या चलनाचा आराखडा करायला लुडविग एर्हार्ड यांच्या नेतृत्वाखाली तज्ज्ञांचं एक मंडळ याच गावात बसलं होतं. २० जून १९४८ ला नवा मार्क आला. ज्यांची बँकेत १०० राइशमार्कांची बचत होती त्यांच्या हाती शेवटी साडेसहा मार्क लागले. ज्यांच्याकडे जमीन, घर किंवा कारखाना होता त्यांचं तेवढं नुकसान झालं नाही. तुमच्या शेजारच्या एखाद्या जर्मन आजींना विचारून पाहा, त्यांच्या घरात ही आठवण अजून असेल.

सरकार कर्ज काढतं तेव्हा ते कोण काढतं, खर्च कुणावर होतो आणि फेडतं कोण? चलनाची किंमत घसरते तेव्हा मार कुणाला बसतो? हे प्रश्न आपल्या एका माणसाने शंभर वर्षांपूर्वी विचारले होते. बाबासाहेब आपल्याला घटनाकार म्हणून माहीत आहेत, मुक्तिदाते म्हणून माहीत आहेत, धम्मचक्र पुन्हा फिरवणारे म्हणून माहीत आहेत. आज मी तुम्हाला त्यांच्या आयुष्याची एक वेगळी बाजू सांगणार आहे: सरकारी हिशेबाच्या वह्या आणि जुनी पुस्तकं शोधणारा, जमवणारा, गमावणारा आणि पुन्हा जमवणारा विद्यार्थी.

सुरुवात घरातूनच झाली. सुभेदार रामजी लष्करातून निवृत्त झालेले, पेन्शन पन्नास रुपये, आणि मुंबईत परळच्या डबक चाळीत संसार. भीमाला पुस्तकांचा नाद. शाळेच्या पुस्तकांनी त्याचं भागत नसे. नवं पुस्तक हवं म्हटलं की रामजी लग्न झालेल्या मुलीकडे जात आणि काही रुपये उसने मागत. तिच्याकडे नसले तर दुसरीकडे जात. तिच्याकडेही रोख पैसे नसतील तर ती अंगावरचा एखादा दागिना काढून देई. तो मारवाड्याकडे गहाण पडे, त्या पैशांत पुस्तक येई, आणि पेन्शन हाती आली की रामजी दागिना सोडवून लेकीला परत करत.

या गोष्टीकडे नुसता बापाच्या मायेचा प्रसंग म्हणून पाहू नका. यात कर्ज कशासाठी काढायचं आणि कसं फेडायचं याचा सगळा धडा आहे. कर्ज काढणारा बाप होता, फेडणारा बापच होता, आणि पैसा गेला तो मुलाच्या विद्येवर. पुढे जेव्हा त्या मुलाने एका साम्राज्याचं कर्ज तपासलं तेव्हा त्याला नेमकं उलटं चित्र दिसलं.

भीमराव १९०७ मध्ये मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. ते एक पुस्तक पुढे कुठवर घेऊन गेलं हे तुम्हाला ठाऊक आहे. १९१२ मध्ये ते बी. ए. झाले. फेब्रुवारी १९१३ मध्ये रामजी गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये सयाजीराव महाराजांची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचले.

तिथे त्यांचे अर्थशास्त्राचे गुरू होते एडविन सेलिग्मन. या सेलिग्मन घराण्याचं मूळ जर्मनीतलं, बव्हेरियातल्या बायर्सडोर्फ गावचं. एडविनचे वडील जोसेफ १८३७ मध्ये अमेरिकेला गेले, फेरीवाल्याचा धंदा करत करत मोठे बँकर झाले. अमेरिकेच्या यादवी युद्धात त्यांच्या पेढीने अमेरिकन सरकारचे कर्जरोखे युरोपात, फ्रँकफर्टच्या बाजारातही, विकले. ज्या सरकारचं कर्ज त्यांनी उभं करून दिलं, त्याच देशात १८७७ मध्ये साराटोगाच्या एका मोठ्या हॉटेलने जोसेफ सेलिग्मन यांना आत घेतलं नाही, कारण ते ज्यू होते. एडविन तेव्हा सोळा वर्षांचे होते. पुढे ते जर्मनीत शिकले, कोलंबियात प्राध्यापक झाले, आणि कृष्णवर्णीयांसाठी काम करणाऱ्या एका राष्ट्रीय संस्थेचे सुरुवातीचे अध्यक्षही झाले. बडोद्याहून आलेल्या विद्यार्थ्याला कसे गुरू मिळाले ते यावरून तुमच्या लक्षात येईल.

सेलिग्मन यांना एक छंद होता, आणि आजच्या लेखाचा विषय तोच आहे. ते अर्थकारणावरच्या जुन्या पुस्तिका जमवत. पुस्तिका म्हणजे काय हे थोडं सांगतो. १६९४ मध्ये इंग्लंडच्या राजाला युद्धासाठी पैसे हवे होते. व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन १२ लाख पौंड ८ टक्के व्याजाने दिले, आणि त्या बदल्यात बँक ऑफ इंग्लंड उभी राहिली. अशी बँक असावी की नसावी, राजाने कर्ज काढावं की नाही, व्याज कुणाच्या करातून जाणार, यावर लोक भांडले. त्या काळी भांडण चाले ते पातळ चोपड्यांतून. १७२० मध्ये साउथ सी कंपनीने सरकारी कर्ज आपल्या अंगावर घेतलं, शेअर चढवले आणि नंतर ते कोसळले, तेव्हाही अशा चोपड्यांचा पाऊस पडला. पाच-दहा पानं, किंमत काही पेन्स. वाचून झाली की रद्दी. बड्या ग्रंथालयांत चामड्याच्या बांधणीचे ग्रंथ राहिले, चोपड्या मात्र वाण्याच्या पुड्यांत गेल्या. सेलिग्मन यांनी अशी हजारो पुस्तकं आणि चोपड्या जमवल्या. १९२९ मध्ये तो संग्रह कोलंबिया विद्यापीठाने विकत घेतला.

अशा माणसाच्या हाताखाली बाबासाहेब शिकले. वर्गात शिकवलेल्यापेक्षा मोठा धडा हा की राज्याचं खरं स्वरूप त्याच्या भाषणांत दिसत नाही, ते त्याच्या हिशेबात दिसतं. आणि हिशेब बघायचा तर मूळ कागद हवा. १९१५ मध्ये एम. ए. साठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि अर्थव्यवस्था हा प्रबंध लिहिला. वय चोवीस. त्यात त्यांनी कंपनीचा महसूल कुठून येतो, मीठ आणि जमीन यांवर किती ओझं आहे, कर्ज कसं वाढत गेलं हे मांडलं.

त्या कर्जाची कहाणी ऐकण्यासारखी आहे. १८३३ च्या कायद्याने कंपनीचा व्यापार बंद झाला, पण तिच्या भागधारकांना साडेदहा टक्के लाभांश चालू राहिला: ६० लाख पौंडांच्या भांडवलावर दर वर्षी ६ लाख ३० हजार पौंड. हे पैसे भारताच्या महसुलातून जायचे. पुढे भाग परत घ्यायचे तर शंभराला दोनशे द्यायचे, हेही ठरलेलं होतं. १८५८ मध्ये राज्य राणीकडे गेलं तेव्हा कंपनीचं कर्ज भारताच्या माथी आलं, आणि १८५७ चा उठाव मोडण्याचा खर्चही त्यातच धरला गेला. म्हणजे ज्यांना जिंकलं त्यांनीच जिंकण्याचा खर्च सव्याज भरायचा. कर्ज काढताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं. रामजींच्या घरातल्या कर्जाशी हे ताडून पाहा.

न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत बाबासाहेबांनी सुमारे दोन हजार पुस्तकं घेतली. साडेअकरा पौंडांत राहणं, खाणं, घरी पैसे पाठवणं आणि वर पुस्तकं. आपल्यापैकी जे विद्यार्थी म्हणून परदेशी आले आहेत त्यांना हा हिशेब समजावून सांगायची गरज नाही. निघताना ती सगळी बरोबर नेता येईनात, म्हणून ओळखीच्यांकडे ठेवली. त्यातली बरीच पुढे हाती आली नाहीत.

१९१६ च्या ऑक्टोबरमध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ च्या उन्हाळ्यात अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. सामान त्यांनी थॉमस कुक कंपनीमार्फत वेगळ्या बोटीने पाठवलं. महायुद्ध चालू होतं. भूमध्य समुद्रात पाणबुडीने ती बोट बुडवली आणि पुस्तकं तळाला गेली. ते स्वतः दुसऱ्या बोटीने २१ ऑगस्टला मुंबईला सुखरूप पोहोचले. नुकसानभरपाई मिळाली सहाशे रुपये. त्यातूनच बडोद्याला नोकरीवर जाण्याचा खर्च निघाला. बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही, ऑफिसात शिपाई फायली लांबून टाकत, हे तुम्ही लहानपणापासून ऐकलेलं आहे. परदेशात गोळा केलेली पुस्तकं समुद्रात आणि स्वदेशात डोक्यावर छप्पर नाही, अशी ती वेळ होती.

पण ते थांबले नाहीत. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये उसने दिले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. तिथल्या हर्बर्ट फॉक्सवेल या प्राध्यापकांनी त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये संस्थेच्या सचिवांना कळवलं की या माणसाने डॉक्टरेट आधीच मिळवली आहे, इथे त्याला जिंकायला काही उरलेलं नाही.

हे फॉक्सवेलही संग्राहकच होते. तरुणपणी जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञ मित्राच्या नादाने त्यांनी रस्त्यावरच्या दुकानातून जुनी पुस्तकं घ्यायला सुरुवात केली. बँका, चलन, सरकारी कर्ज, मजुरांचे लढे, सगळ्यांवरच्या चोपड्या त्यांनी उचलल्या. १९०१ पर्यंत संग्रह सुमारे तीस हजारांवर गेला. तेव्हा लंडनच्या सोनारांच्या जुन्या संघाने, गोल्डस्मिथ्स कंपनीने, तो दहा हजार पौंडांना घेतला आणि १९०३ मध्ये लंडन विद्यापीठाला देऊन टाकला. बाबासाहेब ज्या विद्यापीठाचे विद्यार्थी होते, तिथेच तो होता. म्हणजे अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये, दोन्हीकडे, अशा चोपड्या जपणारे मोठे संग्राहक त्यांना प्राध्यापक म्हणून भेटले.

त्या दोन-अडीच वर्षांत बाबासाहेबांनी ब्रिटिश म्युझियम आणि इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात दिवसच्या दिवस काढले. पोटाला धड नव्हतं, पण बाक सुटला नाही. त्याच काळात त्यांनी जर्मनीत बॉन विद्यापीठातही नाव घातलं होतं. जर्मन मार्क तेव्हा घसरणीला लागला होता. १९२३ च्या नोव्हेंबरमध्ये एका डॉलरला चार लाख कोटींहून जास्त मार्क मोजावे लागले. चलन सरकारच्या मर्जीवर सोडलं तर काय होतं याचं जिवंत उदाहरण युरोपच्या डोळ्यांसमोर होतं.

बाबासाहेबांच्या रुपयावरच्या ग्रंथाचा मुद्दा हाच होता. केन्स यांच्यासारखे विद्वान भारताला सुवर्ण विनिमय पद्धत योग्य म्हणत होते. बाबासाहेबांनी जुने सरकारी अहवाल उलगडून दाखवलं की या पद्धतीत नोटा आणि रुपये किती काढायचे हे सरकारच्या हातात राहतं. रुपया जास्त झाला की भाव वाढतात. भाव वाढले की व्यापारी आणि मालक सावरून घेतात. महिन्याच्या पगारावर आणि रोजच्या मजुरीवर जगणारा मात्र मरतो. म्हणून त्यांनी मागितलं की चलन काढण्यावर पक्की मर्यादा हवी.

मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी प्रबंध पुन्हा लिहून आणायला सांगितलं. पैसे संपले होते, म्हणून ते मुंबईला परतले आणि तिथून सुधारलेला प्रबंध पाठवला. नोव्हेंबरमध्ये डी. एस्सी. मिळाली. डिसेंबरमध्ये पी. एस. किंग या लंडनच्या प्रकाशकाने ग्रंथ छापला. सेलिग्मन यांची प्रस्तावना असलेला प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा दुसरा ग्रंथ १९२५ मध्ये आला.

१५ डिसेंबर १९२५ ला हिल्टन यंग आयोगासमोर त्यांची साक्ष झाली. या आयोगाने पुढे मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली. आपल्याकडे कधी कधी सांगितलं जातं की ती बँक एकट्या बाबासाहेबांनी काढली. तसं सांगू नका. आयोगासमोर अनेकांच्या साक्षी झाल्या होत्या. जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं तरी पुरेसं मोठं आहे: ज्याला शाळेत पाण्याच्या माठाला हात लावता येत नव्हता, त्याने साम्राज्याच्या चलनावर साम्राज्याच्याच आयोगाला त्यांचेच कागद दाखवून उलट तपासलं.

पुढे घटना लिहिताना हाच अभ्यास कामाला आला. कलम २९२ मध्ये केंद्राने किती कर्ज काढावं यावर संसदेला कायद्याने मर्यादा घालता येते. सरकारचे हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकाला त्यांनी घटनेतला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी मानलं. बाड हॉम्बुर्गच्या शेजारी राहून तुम्ही जर्मनीच्या घटनेतल्या कर्जमर्यादेवरचे वाद रोज बातम्यांत ऐकता, तेव्हा आपल्या घटनेतली ही कलमंही मुलांना सांगा.

धम्माच्या दृष्टीने हे परकं नाही. अनाथपिंडिकाला भगवंतांनी गृहस्थाची चार सुखं सांगितली, त्यात अनण-सुख आहे, म्हणजे कुणाचं देणं नसल्याचं सुख. दीघनिकायातल्या कूटदंत सुत्तात राजाला सल्ला मिळतो तो शेतकऱ्याला बियाणं, व्यापाऱ्याला भांडवल आणि नोकरदाराला वेतन देण्याचा. राजाचा पैसा कुणासाठी, हा प्रश्न तिथेही आहे.

आता शेवटचं, आणि हे तुमच्यासाठी. बाबासाहेबांचा १९१५ चा कंपनीवरचा प्रबंध आपल्या हाती छापील रूपात आला तो महाराष्ट्र शासनाच्या सहाव्या खंडात, १९८९ मध्ये. चौऱ्याहत्तर वर्षं! कोलंबियात तो जपून ठेवला होता म्हणून मिळाला. आणि आपल्याकडे? तुमच्या घरात आजोबांनी आणलेले जनता किंवा प्रबुद्ध भारतचे अंक असतील. धम्मदीक्षेच्या वेळची पत्रकं, भीमजयंतीच्या वर्गणीच्या पावत्या, चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला घेतलेल्या दहा-वीस रुपयांच्या पुस्तिका, परदेशात आपल्या मंडळाने काढलेलं पहिलं निवेदन. एका फ्लॅटमधून दुसऱ्यात जाताना हेच आधी टाकलं जातं. सेलिग्मन आणि फॉक्सवेल यांनी जमवलं ते हेच, आणि आपल्या चळवळीचा हिशेबही यातच आहे. कुणी किती वर्गणी दिली, ती कशावर खर्च झाली, हे त्या पिवळ्या पावत्यांवरच लिहिलेलं असतं.

म्हणून एवढं करा. असे कागद तळघरातल्या ओलीतून वर आणा. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. मागच्या बाजूला पेन्सिलने कुठून आला, कोणाचा, कोणत्या साली, एवढं लिहा. सपाट पेटीत ठेवा, मोबाइलवर स्वच्छ फोटो काढा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्यामागची गोष्ट लिहून घ्या. वेळ येईल तेव्हा एखाद्या ग्रंथालयाला द्या, रद्दीला नको.

जर्मन भाषेत कर्ज आणि अपराध या दोन्हींना एकच शब्द आहे, शुल्ड. आपल्या मराठीत ऋण म्हटलं की देणंही येतं आणि कृतज्ञताही येते. रुपयावरचा आपला ग्रंथ बाबासाहेबांनी आई-वडिलांच्या स्मृतीला अर्पण केला. मारवाड्याकडचा लेकीचा दागिना रामजींनी कधीच सोडवून आणला होता. राहिलेलं ऋण मुलाने असं फेडलं. आपलं अजून फेडायचं आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.